खारूताईची लांबची वाट

ओढ्याच्या अल्याड उंबरावर एका खारीचे घर होते आणि पल्याड बेहड्याच्या ढोलीत तिचे कोठार. खार भारी घाबरट. पान गळले तरी दचकायची. घरी दोन पिल्ले, झाडावरून उतरायलाही न शिकलेली. आपण कोठारावर असताना वाट मोडली तर त्यांना खाऊ कोण घालणार, ही धास्ती तिला स्वस्थ बसू देत नसे. उंबराची एक फांदी थेट बेहड्यापर्यंत पोचायची. तरी तिने शेजारून गुळवेलीचा झुलाही ताणून घेतला होता. एक मोडली तर दुसरी!

एकदा साळुंकीने विचारले, "खारूताई, रागावणार नाहीस ना? हा वेल गुंडाळलायस कशाला गं?"

"त्या फांदीलाच की," खार म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची शेपटी फुलली. अगंबाई! फांदी गेली की वेलही जाणार!

त्याच दिवशी तिने खालच्या वळणावरचे, ओढ्यावर ओणवून पल्याड टेकलेले बांबू हेरले. वाट लांब, शिवाय बांबू सतत हलणारे. पण तिने नेम केला : एक दिवस फांदीवरून, एक दिवस बांबूवरून.

वानर खो-खो हसे. "फांदी मोडली का अजून? मग लटपटत तिकडून कशाला जातेस?"

"नाही मोडली, वानरदादा," ती पुटपुटे, "पण पायांना ओळख नको का?"

एका दुपारी ती कोठारातून बी घेऊन निघणार, तोच वानराने ऐटीत फांदीवर उडी ठोकली. काड्! फांदी, वेल आणि वानर, तिघेही ओढ्यात. खार एवढी दचकली की तोंडातली बी खाली पडली. पलीकडून पिल्लांचे चिरचिरणे ऐकू येत होते. तिने बी उचलली आणि बांबूंकडे धावली. बांबू हलत होते, पण पायांना प्रत्येक पेर पाठ होते.

"खारूताई," मागून भिजलेला वानर ओरडला, "मलाही दाखव ना गं ती वाट!"

घरी पोचताच धाकटे पिल्लू बिलगले. "आई, आज उशीर का गं झाला?"

खारीने दोघांना धडधडत्या छातीशी घेतले. "आज लांबच्या वाटेची पाळी होती, राजा."

तात्पर्य : कोठार खारीचे असो वा संगणकातल्या माहितीचे, तिथे नेणाऱ्या दोन वाटा एकाच फांदीवर टेकल्या असतील, तर त्या दोन नव्हेत, एकच, आणि खरोखरच वेगळी असलेली वाट गरज पडण्याआधीच चालून ठेवावी.