छतातलं ठिगळ

फार जुनी गोष्ट. एका पेठेत दगडी कमानींवर रंगीत काचांचं छत होतं आणि खाली ओळीने दुकानं. वादळात एक काच फुटली, तिथे घाईघाईत साधीच बसवली. "ठिगळ!" शेजारची लाल काच रोज नाक मुरडायची. साधी बिचारी अंग चोरून राहायची.

एके दिवशी कारागीर नवी रंगीत काच घेऊन शिडी चढला. तोच लुगड्यांच्या दुकानातून गोदूबाई ओरडल्या, "अहो, तिला हात लावू नका! लुगड्याचा खरा रंग गिऱ्हाइकाला मी तिच्याखालीच तर दाखवते!"

कारागीर नवी काच घेऊन खाली उतरला.

तो गेल्यावर लाल काचेने हळूच विचारलं, "माझा खरा रंग कसा आहे गं?"

"खाली फरशीवर बघ. माझ्या उन्हाला लागूनच तुझं ऊन पडतं," साधी काच म्हणाली. "इतका सुरेख लाल मी दुसरा पाहिला नाही."