अर्ध्या छपराचा इनामदार

फार पूर्वी डोंगराकडेच्या एका गावात एक म्हातारा कुंभार राहायचा. शाळा त्यानं दुसरीतच सोडली होती, पण जीभ भारी शिकलेली. "पंचक्रोशीत माझ्यासारखी कौलं कुणाची नाहीत!" असं छाती फुगवून सांगायचा, आणि लगेच डोळा मारून म्हणायचा, "दुसरा कुंभारच नाही ना पंचक्रोशीत."

त्याच्या भट्टीला जागा नव्हती आणि इनामदाराच्या नव्या घराला छप्पर नव्हतं. "हजार कौलं दे, माळावरचा तुकडा घे," इनामदार म्हणाला. तसं कागदावर लिहून त्यानं सही केली. मातीचं ढेकूळ कुंभाराच्या हातावर ठेवून ताबाही दिला. खरेदीखत मात्र सगळी कौलं आल्यावर करायचं ठरलं.

कुंभारानं दगड वेचले, भट्टी बांधली. पाचशे कौलं छपरावर चढली. एवढ्यात एक व्यापारी त्याच तुकड्याला दुप्पट मोल देऊ लागला आणि इनामदाराची नियत फिरली.

"ऊठ रे माळावरून. खत झालंय कुठं? जमीन अजून माझ्याच नावावर आहे."

म्हाताऱ्याला एकच चिंता: भट्टी गेली तर या वयात खायचं काय?

शेजारी म्हणाले, "चढ वर आणि उतरव त्याची कौलं!"

"छे रे बाबांनो! मग बोल मोडणारा मीच ठरेन. आणि वरनं पडलो तर झेलायला तुम्ही थांबणार आहात होय?"

त्यानं उरलेली पाचशे कौलं भाजली आणि इनामदाराच्या अंगणात नेऊन रचली. इनामदारानं त्यांना हात लावला नाही. उलट कुंभाराला उठवायला तो न्यायाधीशाकडे गेला.

न्यायाधीशानं कागद वाचला. "सही तुमची? ताबा तुम्हीच दिलात? अर्धी कौलं घेतलीत?"

"हो, पण खत..."

"खत होईपर्यंत तो मालक नाही, हे खरं. पण ठरलेलं तो पाळत आलाय, उरलेलं द्यायला तयार आहे. तुम्हाला त्याला उठवता येणार नाही."

बाहेर येताच कुंभारानं इनामदाराला वाकून नमस्कार केला.

"चिडवतोस काय रे?"

"थोडं चिडवतोय, धनी. पण नमस्कार खरा आहे. कुणी उभं करत नव्हतं तेव्हा तुम्ही जागा दिलीत. माझी चूल तुमच्यामुळं पेटते. आता तात्पर्य ऐका: ज्यानं अर्धा शब्द पाळला आणि उरलेला पाळायला जो दारात उभा आहे, त्याला घालवून देऊ नये."

"तुझं तात्पर्य ठेव तुझ्यापाशी," इनामदार गुरगुरला. "आधी शिडी लाव. अर्ध्या छपराखाली बसून मी कुणाला खत लिहून देत नसतो!"