पहिला दगड

“…मग काय, दगडांना पाय फुटले का, बुवा?”

प्रल्हाद घुले हे विचारत होता तेव्हा मी अंगणातल्या चुलीपाशी डाळ निवडत होतो. मठाची चूल माझ्याकडं आहे, त्यामुळे अंगणात कोण काय बोलतो ते मला ऐकू येतंच. मुद्दाम ऐकतो असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

प्रल्हाद आता रेल्वेत मोठा इंजिनिअर आहे. पण लहानपणी शाळेसाठी याच मठात राहिला, केवळनाथबुवांच्या ताटातलं जेवून मोठा झाला. त्या दिवशी मात्र बूट न काढताच आत आला. नाथपंथी नमस्कार म्हणून ‘आदेश’ म्हणाला, पण मान काही लवली नाही.

बुवा धुनीपुढं बसले होते. त्यांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग बुटांकडं पाहिलं.

आमच्या वाडीची गत अशी, की शहर वाढत वाढत आमच्या उंबऱ्याला येऊन टेकलंय. निम्मी वाडी शहरात कामाला जाते, शेअर रिक्षात एकमेकांच्या मांडीवर बसून. रूळ आहे, पण एकच. मालगाडी आली की पॅसेंजर बाजूला उभी राहते ती राहतेच. म्हणून आणखी दोन रूळ टाकायचे आणि वाडीला स्टेशन द्यायचं ठरलं. ते काम आमच्याच प्रल्हादकडं आलं तेव्हा वाडीनं पेढे वाटले.

मग रूळ कुठून जाणार त्याच्या खुणा करायला चुना फासलेले दगड रोवले गेले, आणि पेढ्यांची चव गेली. रेल्वे सगळ्यांनाच हवी होती, फक्त शेजाऱ्याच्या परसातून.

कौतिकबाईच्या ओट्याला लागून रोवलेला दगड सकाळी शिंप्याच्या परसात सापडायचा. शिंप्याचा दगड सुताराच्या गोठ्यामागं. मोजणीवाले येऊन पुन्हा जागेवर लावायचे, दगड पुन्हा सरकायचे. कुणी म्हणे पाहिलं नाही. वाडीत जो तो दुसऱ्याच्या हाताकडं बघत होता आणि आपले हात धोतराला पुसत होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत सुनावणी होती. ज्यांची घरं जाणार ते नाही म्हणाले, तर नवे रूळ अलीकडच्या स्टेशनातच थांबणार आणि हे काम दुसऱ्या गावाला जाणार, असं प्रल्हादला वरून बजावलं होतं. एकदा गेलं की पुन्हा कधी येईल ते कुणी सांगावं?

म्हणून स्वारी आली होती. आधी त्यानं जमिनीच्या दलालांची नावं घेतली. मग फाट्यावरच्या चहावाल्याचं घेतलं. मलाही तो चहावाला कधी सरळ वाटला नाही, पण ते राहू दे. मग प्रल्हादनं आवाज खाली आणला.

“बुवा, ही वाडी तुमच्या शब्दाबाहेर नाही. मग हे तुमच्या नकळत कसं चालतं?”

डाळीतला खडा माझ्या चिमटीतच राहिला. अरे, ज्याच्या हातचं खाल्लंस त्यालाच विचारतोस? मला असा संताप आला की सूप खाली आदळलं.

बुवांनी माझ्याकडं पाहिलं. “झोळी आण.”

मी आणली. बुवांनी ती प्रल्हादपुढं उलटी केली आणि झटकली. खाली काही पडलं नाही… पिठाचा कणसुद्धा नाही.

तेव्हा मीच बोललो, मला राहवेना. बुवा रोज भिक्षेला दारात उभे राहून एकदा अलख म्हणतात. दुसऱ्यांदा हाक द्यायची नाही, ही मठाची रीत. वाडीनं कधी रिकामं पाठवलं नाही. पण दगड आले तेव्हापासून दारं उघडेनात. आत भांडी वाजतात, पोरं बोलतात, आणि अलख ऐकली की सगळं घर चिडीचूप. लोक म्हणतात, बुवांनी साहेबाच्या कानाला लागून मठ वाचवला आणि आमची घरं रुळाखाली घातली. खरं सांगायचं तर एक दिवस माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. हे मात्र मी बोललो नाही.

प्रल्हादचा चेहरा उतरला. “बुवांनी? बुवांनी तर मला एका शब्दानं…”

तो थांबला.

“हां,” बुवा म्हणाले. “पुढं बोल.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिला नकाशा वेगळा होता. नाल्याच्या पुलावरून रूळ सरळ येत होता तो मठातून, बुवांच्या गुरूंच्या समाधीवरून, आणि पुढं पडीक माळाला लागत होता. वाटेत एकही घर नव्हतं. प्रल्हादनं आपल्या हातानं त्याला वळण दिलं. मठ सुटला आणि घरं आत आली. मोजणीच्या पहिल्याच दिवशी एक दगड समाधीच्या उशाशी रोवला होता, संध्याकाळी तो तिथं नव्हता, एवढं तो म्हणाला. कुणी काढला ते म्हणाला नाही.

“त्या समाधीपुढं दिवा लावून मी अभ्यास केला, बुवा. तिच्यावर रूळ कसा टाकू?”

असं म्हणून तो बुवांच्या तोंडाकडं बघत राहिला. लहानपणी पाठ म्हणून दाखवला की असाच बघायचा. माझे डोळे भरून आले. बुवांचे कोरडेच होते.

“दगड आहे गाडीत?” त्यांनी विचारलं.

प्रल्हाद गेला आणि जीपमधून एक दगड घेऊन आला. वजनदार होता, छातीशी धरावा लागला. शर्टाला चुना लागला, हातांना लागला.

“ठेव उशाशी.”

प्रल्हाद जागचा हलला नाही. डोळे बारीक करून बुवांकडं बघायला लागला. आता याच्या डोक्यात काय शिरलं म्हणून मी बघतोय, तर म्हणतो कसा, समाधीला हात लावायचा म्हटलं की मोर्चे निघतात, तालुक्याचे पुढारी येऊन बसतात, काम पुढची दहा वर्षं अडतं. बुवांना हे ठाऊक नाही असं थोडंच आहे? की बुवांना तेच हवंय?

मी तोंड उघडलं होतं. बुवांनी हात वर केला, मी मिटलं.

ते उठले आणि समाधीपाशी गेले. वाकून डोकं टेकलं, ते बराच वेळ टेकलेलंच राहिलं… मग त्यांनी गुरूंच्या लाकडी पादुका उचलल्या, पंच्यानं पुसल्या आणि रिकाम्या झोळीत ठेवल्या. त्या पादुका जागेवरून हललेल्या मी तरी कधी पाहिल्या नव्हत्या.

बुवांनी धुनीतलं एक जळतं लाकूड काढून माझ्या हातात दिलं आणि फाटकाबाहेर चालायला लागले. कुठं, म्हणून मी विचारलं नाही. माझ्यामागून प्रल्हाद, दगड छातीशी धरलेला. तो खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

बुवा थांबले ते कौतिकबाईच्या दारात.

“अलख.”

आत भांडी वाजत होती ती थांबली.

बुवा उभे. आम्ही उभे. माझ्या हातातल्या लाकडाचा धूर माझ्याच डोळ्यांत जात होता, आणि मी मनात म्हणत होतो, उघड गं बाई, उघड…

कडी वाजली. म्हातारी कौतिकबाई दारात आली. तिनं बुवांकडं पाहिलं, माझ्या हातातल्या विस्तवाकडं पाहिलं, आणि मग तिची नजर झोळीत गेली. नवी नवरी म्हणून ती या वाडीत आली, तेव्हा पहिल्यांदा याच पादुकांवर तिचं डोकं टेकवलं होतं. मठ उठला, हे तिला सांगायची गरज पडली नाही.

“आता तुम्ही राहायचं कुठं, बुवा?” तिनं विचारलं.

“बघू,” बुवा म्हणाले.

ती आत गेली, ओंजळ भरून पीठ घेऊन आली आणि झोळीत घालायला लागली. ओंजळ काही नीट रिकामी होईना, निम्मं पीठ उंबऱ्यावर सांडलं. शिंप्यानं कुंपणावरून डोकावून पाहिलं. त्यानं बायकोला हाक मारली, आणि तीही सूप घेऊन आली.

आणि प्रल्हाद? प्रल्हाद कौतिकबाईच्या बोटांकडं बघत होता. पीठ झडून गेलं होतं, तरी तिच्या नखांत पांढरं तसंच राहिलं होतं. तो चुना होता. मलाही दिसला, बुवांनाही दिसला असणार. कौतिकबाईनं हात पदराखाली घेतले.

“म्हणजे ह्या होत्या,” प्रल्हाद हळूच म्हणाला. “आणि आणखी कोण कोण, बुवा? तुम्हाला सगळी नावं ठाऊक आहेत.”

बुवा पादुकांवरचं पीठ बोटानं झाडत होते. मग त्यांनी दगड धरलेल्या प्रल्हादच्या हातांकडं पाहिलं.

“पहिला कुणी हलवला, तेवढं तू सांग. पुढची नावं मी सांगतो.”