नैवेद्याचा स्वयंपाक

आमच्या खांबेटे साहेबांच्या शिस्तीने सगळं ऑफिस मेटाकुटीला आलं होतं. आधी गिऱ्हाइकाचं म्हणणं लिहून त्यावर सही घ्यायची, मग आराखडा, मग प्रोग्रॅम, आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं ते थेट शेवटी. एकदा सही झाली की मागे फिरायचं नाही, मग समोर खड्डा दिसत असला तरी!

या शिस्तीत दूध संघाचं सॉफ्टवेअर आठ महिन्यांनी तयार झालं. त्यात फक्त सकाळचं दूध नोंदवता येत होतं. सॉफ्टवेअर तपासणाऱ्या वसुधा करंजकरने ही चूक चौथ्याच महिन्यात सांगितली होती. साहेब म्हणाले होते, "सही झालीय."

शेवटी संघाचे अध्यक्ष घोरपडेअण्णा सॉफ्टवेअरच्या सीडींचं खोकं घेऊन तणतणत ऑफिसात आले. "अहो, आमच्या म्हशी संध्याकाळीही दूध देतात! हे घ्या तुमचं सॉफ्टवेअर परत. काम दुसऱ्याला देतो."

वसुधा म्हणाली, "अण्णा, एक संधी द्या. या वेळी दर पंधरवड्याला तुम्हाला झालेलं काम दाखवू."

साहेब कडाडले, "अर्धवट काम दाखवायचं नसतं! तुमच्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक कोणी आधी चाखून बघतं का?"

"नाही बघत, साहेब," वसुधा शांतपणे म्हणाली. "कारण आमटी आळणी झाली, तरी देव ताट परत आणून देत नाही."

अण्णांनी ते खोकं साहेबांपुढे सरकवलं आणि वसुधाला विचारलं, "पहिला घास कधी देताय?"