पाणी कुणाचं?

फार पूर्वी, तळ्यांनासुद्धा दुपारची डुलकी लागायची त्या काळात, एका तळ्याकाठच्या नगरात एक वकील राहत होता. त्या नगराची एक रीत होती. पंचांच्या सभेत दुसऱ्यासाठी बोलायचं, तर आधी त्याच्या घरचं पाणी सगळ्यांदेखत प्यायचं. मुख्य पंच विचारायचे, "पाणी कुणाचं?" वकील नाव सांगायचा, आणि तिथून पुढे त्याचे शब्द त्या घराचे धरले जायचे.

वकील जन्मभर असं घराघरांतलं पाणी प्यायला होता. कुठलं मचूळ, कुठलं गोड, कुठलं वाळ्याच्या वासाचं. जो बोलावील त्याचं पाणी प्यायचं, त्याची बाजू मांडायची आणि जिंकून घरी यायचं. पण आताशा दुपारी तो पडला की ती सगळी पाणी त्याच्या पोटात कुजबुजू लागत. "आमच्यासाठी बोललास," ती म्हणत, "आता झोप कशी लागेल?" अर्धवट झोपेत वकील कूस बदलायचा आणि खिडकीतून तळ्यावरचं धुकं बघत राहायचा.

त्याच नगरात, वरच्या आळीत, एक शेठाणी होती. मनाने मोठी आणि हाताने सढळ. दर उन्हाळ्यात ती खालच्या आळीत पाणपोई घालायची. एक दिवस तिने वकिलाला बोलावलं. अंगणात कारंजं उडत होतं आणि त्याच्या तुषारांत एक छोटंसं इंद्रधनुष्य झोपाळ्यासारखं झुलत होतं.

"वकीलबुवा," ती म्हणाली, "वर्षानुवर्षं दान करते आहे. पण खालच्या आळीची तहान होती तेवढीच आहे. माझं कुठे चुकतं, ते मला सांगणारा माणूस हवा."

वकिलाला वाटलं, आपण इतकी वर्षं याच हाकेची वाट बघत होतो. त्याने सभेतली पगडी खुंटीला टांगली आणि शेठाणीचा दानातला सल्लागार झाला. लोकांना आयतंच चघळायला मिळालं. त्याची बायकोही भाकरी थापता थापता म्हणाली, "आजवर लोक भांडले की आपली चूल पेटायची. आता लोकांचं भलं झालं म्हणजे पेटणार म्हणायची." तिच्या बोलण्यात टोमणा होता, पण डोळ्यांत समाधान होतं.

वकील हुशार होता. मूळ कुठे आहे, हे त्याला लगेच उमगलं. तळ्याच्या बांधातल्या मोरीतून पाणी आधी वरच्या आळीला जायचं. तिथल्या बागा तुडुंब झाल्या की उरलंसुरलं खाली यायचं. हा नियम पंचांनीच केलेला होता.

"बाई," तो म्हणाला, "पाणपोईचा रांजण संध्याकाळी रिकामा होतो. नियम बदलला तर तो नातवंडांनाही पुरेल. खालच्या आळीच्या वतीने आपण पंचांपुढे जाऊ."

"हे तर राजकारण झालं," शेठाणी दचकून म्हणाली.

"मोरी पंचांच्या हातात आहे. दान तिथवर पोचलं नाही, तर ते रांजणातच राहणार."

शेठाणीने थोडा विचार केला आणि मान डोलावली. एक गोष्ट मात्र वकिलाने तिला सांगितली नाही, आणि मोरीपर्यंत कधी न गेलेल्या तिला ती ठाऊकही नव्हती. मोरीतून निघणारा पहिला पाट शेठाणीच्याच बागेत शिरत होता. ते कारंजं त्याच पाण्यावर उडत होतं. 'अशिलाला दुखवू नये' ही त्याची जुनी सवय. पुढे बघू, असं म्हणून त्याने ती गोष्ट गिळली आणि वर शेठाणीकडचं गार पाणी प्यायला.

कारंज्याजवळ बसूनच त्याने भाषण रचलं. इतकं सुंदर, की ते पाठ करताना त्याचे स्वतःचेच डोळे भरून येत. खालच्या आळीत जायचं मात्र त्याला सुचलंच नाही.

सभेचा दिवस उजाडला. खालच्या आळीची माणसं मागे दाटीवाटीने बसली होती. वकील उभा राहिला आणि सवयीने चांदीचा पेला तोंडाला लावला.

"पाणी कुणाचं?" मुख्य पंचांनी विचारलं.

"शेठाणीबाईंचं."

"अस्सं. म्हणजे शेठाणीबाईंना पाणी कमी पडतंय?"

सभा खदखदून हसली. वकिलाचं भाषण घशातच राहिलं. ज्यांची तहान त्यांचं पाणी नाही, तेव्हा पुढच्या पौर्णिमेला या, असं सांगून पंचांनी विषय मिटवला.

वकील मान खाली घालून निघाला. त्याचे पाय आपोआप उताराला लागले. खालच्या आळीत ठमाबाई नावाची एक कुंभारीण दारात मडकं थापटत बसली होती. सभेत मागे तीही होती.

"घोटभर पाणी मिळेल का?" त्याने विचारलं.

"आता आलात व्हय?" ठमाबाई म्हणाली. "आधी आला असता तरी दिलं असतं. आमच्या दारात मागायलाच कुणी येत न्हाई, द्यायलाच येत्यात समदे."

तिने मडक्यातलं पाणी दिलं. गढूळ होतं आणि जिभेवर माती रेंगाळली. वकिलाने ते संपवलं.

"एक सांगा," ठमाबाई म्हणाली. "पहिला पाट कुणाच्या बागेत जातो, ते बोलणार होता का सभेत?"

"नाही," वकील म्हणाला.

"मग वकिली शेठाणीची झाली. आमची न्हवं."

तिथल्या लिंबाखाली वकील जरा टेकला आणि त्याचा डोळा लागला. पोटातली जुनी पाणी त्या दुपारी कुजबुजली नाहीत. ती सगळी नव्या, गढूळ पाण्याचं ऐकत बसली होती. जाग आली तेव्हा काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, आणि त्याची भीतीही वाटत होती.

ठमाबाईकडून त्याने एक मडकं भरून घेतलं आणि ते शेठाणीच्या चांदीच्या पेल्याशेजारी नेऊन ठेवलं. मग पहिल्या पाटाची गोष्ट सांगितली.

शेठाणीने एक घोट घेतला. मग ती कारंज्याकडे वळून बघू लागली.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमचं पाणी पीत होतो, बाई."

"आता या तुम्ही," शेठाणी म्हणाली आणि आत निघून गेली. वकील घरी आला. चूल पेटेल की नाही, हे आता त्यालाही सांगता येत नव्हतं.

पौर्णिमेला सभा भरली. यावेळी ठमाबाई स्वतः उभी राहिली. घरचं पाणी घटाघटा प्यायली.

"पाणी कुणाचं?"

"माझंच. माझ्या आळीचं."

"आणि वकील?"

"हे काय, शेजारी बसल्यात. नियमाचं काय अडलं तर इचारीन."

ती बोलली. वेड्यावाकड्या शब्दांत, पण घशाला कोरड पडलेल्या माणसाने बोलावं तसं बोलली. कुणी हसलं नाही. मुख्य पंच म्हणाले, "पाणी सारखं वाटलं, तर वरच्या बागा सुकतील. सगळ्यांत आधी शेठाणीबाईंची. त्यांचं काय म्हणणं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. वकिलाने डोळे मिटून घेतले.

शेठाणी पुढच्या बैठकीवरून उठली आणि चालत मागे आली. तिच्या हातात पेला नव्हता. ठमाबाईपुढे तिने ओंजळ धरली, ठमाबाईने मडकं कलतं केलं, आणि शेठाणी ते गढूळ पाणी प्यायली.

"पाणी कुणाचं?" पंचांनी हळूच विचारलं.

"खालच्या आळीचं," शेठाणी म्हणाली. "आज मीही त्यांच्याच बाजूने आहे."

पंचांनी नियम बदलला आणि त्या दिवसापासून मोरीचं पाणी दोन्ही आळ्यांना सारखं वाहू लागलं. शेठाणीचं कारंजं बंद पडलं आणि त्याच्या कोरड्या कुंडात चिमण्या नांदू लागल्या. वकिलाला तिने पुन्हा बोलावून घेतलं, एकाच अटीवर: जे गिळावंसं वाटेल, ते आधी बोलायचं. आणि वकिलाला दुपारची झोप लागू लागली, अगदी तळ्यासारखी गाढ.

तात्पर्य: ज्याच्या तहानेसाठी झटायचं, त्याच्या घरचं पाणी आधी प्यावं, आणि तो बोलायला उठला, की आपण शेजारी बसावं.