पैलवानाचा मोडका कान

फार पूर्वी ग्रीस देशातल्या एका नगरात एक मूर्तिकार राहत होता. स्पर्धा जिंकलेल्या मल्लांचे पुतळे तो करी. हात जेवढा गुणी, तेवढाच स्वभाव हट्टी.

एका वर्षी त्या नगराच्या पैलवानाने साऱ्या देशाची कुस्ती मारली. अशा विजेत्याचा पुतळा देवळापुढच्या मोठ्या मैदानात उभा राही आणि चौथऱ्यावर घडवणाऱ्याचं नाव कोरलं जाई. त्या मैदानातलं काम मूर्तिकाराला पहिल्यांदाच मिळालं होतं. याच दिवसाची त्याने आयुष्यभर वाट पाहिली होती.

पुतळा आधी मेणात घडवायचा आणि मग धातूत ओतायचा, अशी रीत होती. मेणाचा पुतळा चौकात ठेवला, तेव्हा नगरप्रमुख बघायला आला. पुतळ्याचा डावा कान पैलवानाच्या खऱ्या कानासारखाच सुजून, दुमडून पार भज्यासारखा झाला होता.

"हे काय ध्यान?" प्रमुख म्हणाला. "विजेता देवासारखा दिसायला हवा. कान नीट कर."

शेजारी उभ्या पैलवानाचा हात नकळत स्वतःच्या कानावर गेला. मूर्तिकाराने ते पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं.

"बारा वर्षं आखाड्यात घासून त्याने हा कान कमावलाय," तो म्हणाला. "मी तो खोटा करणार नाही."

प्रमुखाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मग निवड कर. एकतर हा कान राहील, नाहीतर चौथऱ्यावर तुझं नाव." कुठला कलावंत नाव सोडतो, असं त्याला वाटलं.

मूर्तिकाराने मेणाच्या कानावर अंगठा ठेवला. जरा दाबला असता, तर काम झालं असतं. पण त्याने अंगठा उचलला.

"कान राहील," तो म्हणाला. "चौथरा रिकामा आहे, तुमचंच नाव कोरून घ्या."

पैलवानाने कानावरचा हात खाली घेतला. सगळ्यांदेखत दिलेला शब्द प्रमुखाला फिरवता येईना. त्याने खरोखरच स्वतःचं नाव कोरून घेतलं, तेही ठसठशीत अक्षरांत.

वर्षं गेली. दूरदूरचे मल्ल कुस्तीआधी त्या पुतळ्यापाशी येत आणि टाचा उंचावून मोडक्या कानाला हात लावत. सगळा पुतळा काळवंडला, कान तेवढा लखलखत राहिला. चौथऱ्यावरचं नाव धुळीखाली गेलं, ते कोणी वाचलंही नाही. पण "हा कान कोणी घडवला?" असं प्रत्येक नवा मल्ल विचारी, आणि जुने मल्ल मूर्तिकाराचं नाव सांगत.

तात्पर्य: नावासाठी खऱ्याला मुरड घालू नये. काम खरं असेल, तर नाव घेणारे भेटतातच.