साळूआईने न उघडलेले डोळे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका, पळसदऱ्यात दोन माणसं एकच आकडा सांगत नाहीत. तेव्हा गावात साळूबाई नावाची चितारीण होती. नवरा गेल्यावर त्याचे कुंचले तिने हाती घेतले आणि ती पोथ्या रंगवू लागली. तिने काढलेला हंस उन्हात धरला, तर सावलीसाठी पानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसायचा, असं म्हणतात.

एका साली भानजी देशमुखांनी कागद दिला, कान्हूशेटनी सोनं दिलं आणि गावात मोठी पोथी तयार होऊ लागली. तिच्यात देवांच्या कथा होत्या, नदीचं माहात्म्य होतं आणि पानं उरली म्हणून विंचवाचा उताराही होता. साळूबाईने हिंगुळाचा लाल भरला, हरताळाचा पिवळा भरला, कडेने सोन्याच्या वेली सोडल्या आणि वेलींत आपला हंस बसवला. गाव रोज बघायला यायचं आणि पोथी देवळात कधी वाचणार, म्हणून विचारायचं.

राहिलं शेवटचं पान. तिथे पोथीच्या धन्याचं चित्र काढायची रीत होती. डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे, आणि ज्याचे डोळे उघडले त्याची पोथी.

देशमुख आले. "साळूबाई, कागद माझा. कागद नसता तर रंग काय हवेत फासणार होतीस? चित्र माझंच निघालं पाहिजे."

"बरं," ती म्हणाली.

मग कान्हूशेट आले. सोनं त्यांचं होतं. त्यांनाही ती "बरं" म्हणाली आणि ते गेल्यावर डोक्याला हात लावून बसली. कुणीही धनी झाला तरी पोथी त्याच्या घरच्या पेटीत जाणार होती. गावाला ती ऐकायला मिळणार नव्हती, आणि तिला तिचा हंस पुन्हा दिसणार नव्हता.

तिने देशमुखांच्या मिशा काढल्या, पुसल्या. शेटची पगडी काढली, तीही पुसली. कागद झाला गावाच्या जुन्या चिंध्यांचा, डिंक आणला धनगरांनी, कुंचला खारीच्या शेपटीचा. मग धनी कोण, खार? तिला हसू आलं आणि मागोमाग रडूही आलं.

पोथी देवळात उघडली त्या दिवशी सगळं गाव जमलं. शेवटच्या पानावर हात जोडून बसलेलं एक माणूस होतं, डोळे नसलेलं.

"हा मीच!" देशमुख म्हणाले.

"नाक बघा, नाक माझं आहे," कान्हूशेट म्हणाले.

मागून भागू कोळीण ओरडली, "अगं बया, ही तर माझी आय हाय!"

मग जो वाकून बघे, त्याला त्यात आपलंच कुणीतरी दिसे, असं म्हणतात. देवळात नुसता गलका झाला.

"डोळे काढ!" देशमुख गरजले.

साळूबाईने कुंचला उचलला. तो रंगात बुडवला, पानाजवळ नेला आणि तिचा हात तिथेच थांबला. "कुणाचे काढू? मला खरंच कळंना हो," म्हणून ती सगळ्यांसमोर रडू लागली. कुंचल्यावरचा रंग वाळला. तिने पुन्हा बुडवला, पुन्हा वाळला.

कुणी म्हणतं, कुंचला टेकवूनही पान रंग घेईना. कुणी म्हणतं, तिची नजरच गेली होती. कुणी तिला मोठी धोरणी ठरवतं. मला विचाराल तर बिचारीचा गोंधळ अगदी खरा होता, आणि म्हणूनच मला ती आवडते.

डोळे उघडले नाहीत, म्हणून धनी ठरला नाही. धनी ठरला नाही, म्हणून पोथी देवळातच राहिली. आज तरी डोळे काढले का, ते बघायला देशमुख आणि शेट रोज येत आणि आलेच आहेत म्हणून गावासोबत पोथी ऐकत बसत. साळूबाई रोज कुंचला घेऊन पानापाशी बसायची. बसता बसताच एके दिवशी गेली. तेव्हापासून गाव तिला साळूआई म्हणू लागलं.

आजही पळसदऱ्यात लग्नघराच्या भिंतीवर चित्रं काढतात, तेव्हा एका माणसाचे डोळे काढत नाहीत. नवी सून हमखास विचारते, "आत्याबाई, ह्याचे डोळे राहिले का?"

सासू हातातलं काम न थांबवता सांगते, "राहिले न्हाईत गं. साळूआईचं अजून ठरंना."